कोच गेला तो दिवस नेमका कुठला?

वाचक विचारतात : अमेरिकन कॉलेज फुटबॉल

मुलं शिकायला अमेरिकेत गेली आणि तिथला कॉलेज फुटबॉल मराठी घरांत शिरला. हेल्मेट घालून, लांबुळका चेंडू हातात धरून पळायचा हा खेळ. सॉकरशी त्याचं नातं नावापुरतंच. लाडका कोच गेला की तिथली गावं त्या दिवसाबद्दल वर्षानुवर्षं बोलत राहतात. त्याविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं दिली आहेत.

मुलगी अलाबामात टस्कलूसाला शिकते. २०२४ च्या जानेवारीत तिथले कोच निवृत्त झाले, तेव्हा लोकांनी त्यांच्या पुतळ्यापाशी फुलं आणि बिस्किटं ठेवली म्हणे. माणूस हयात असताना हे कसलं? — सातारा

ते कोच म्हणजे निक सेबन. आणि ती नुसती बिस्किटं नव्हती, ते 'ओटमील क्रीम पाय' होते. ओटच्या दोन मऊ बिस्किटांत क्रीम भरलेला हा स्वस्तातला खाऊ सेबन न्याहारीला दोन-दोन खातात, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे याला श्रद्धांजली न म्हणता नैवेद्य म्हणा. गणपतीला मोदक, सेबनना क्रीम पाय.

पुतळ्याचंही तसंच. अलाबामाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणाऱ्या कोचचा पुतळा स्टेडियमबाहेर उभा राहतो. वेड, थॉमस, ब्रायंट, स्टॉलिंग्ज यांच्या रांगेत सेबन २०११ मध्येच, नोकरीत असताना जाऊन उभे राहिले. पुढे तेरा वर्षं ते रोज स्वतःच्या पुतळ्याच्या गावात कामाला येत होते.

फुलं पुतळ्यापाशीच का, याचं कारण वेळापत्रकात आहे. १७ हंगाम आणि अलाबामासाठी ६ विजेतेपदं झाल्यावर सेबननी १० जानेवारी २०२४ ला निवृत्ती जाहीर केली. शेवटचा सामना त्याआधी नऊ दिवस, १ जानेवारीला कॅलिफोर्नियात रोझ बोलमध्ये झाला होता (हंगामानंतरच्या मानाच्या सामन्यांना 'बोल' म्हणतात). मिशिगनकडून जादा वेळेत २०-२७ अशी हार. घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना तर त्याहून आधीचा, १८ नोव्हेंबरचा, चॅटनूगाविरुद्ध ६६-१० असा एकतर्फी. तो निरोपाचा सामना आहे हे कोणाच्या गावीही नव्हतं. उभं राहून टाळ्या वाजवायची संधीच गेली, मग लोक निदान पुतळ्याकडे गेले.

मुलीला आणखी एक सांगा. १२ जानेवारीला अलाबामानं वॉशिंग्टन विद्यापीठाचे कोच केलन डीबोअर उचलले. त्यांचा संघ चारच दिवसांपूर्वी अंतिम सामना हरलेला. वॉशिंग्टननं ॲरिझोनाचे जेड फिश नेले, ॲरिझोनानं सॅन होझे स्टेटचे ब्रेंट ब्रेनन. फुलं एका गावात वाहिली गेली, पण आठवड्याभरात कोच चार गावांतून गेला. महिना सरायच्या आत अंतिम सामना जिंकणाऱ्या मिशिगनचे जिम हारबॉदेखील व्यावसायिक संघाकडे निघून गेले, म्हणजे जिंकलेलेही सुटले नाहीत.

बर्मिंगहॅममधल्या वयस्कर शेजाऱ्यांच्या बेअर ब्रायंटविषयीच्या आठवणी रेकॉर्ड करतो आहे. तिघं म्हणतात, 'त्यांच्या शेवटच्या सामन्याला मी होतो.' तिघांचे सामने वेगळे. खोटं कोण बोलतंय? — बर्मिंगहॅम, अलाबामा

बहुधा कोणीच नाही. १९८२ च्या हंगामात अलाबामाचे कोच ब्रायंट यांचे 'शेवटचे' सामने तीन होतात. टस्कलूसातला शेवटचा १३ नोव्हेंबरचा, सदर्न मिसिसिपीविरुद्ध. अलाबामा २९-३८ हरला आणि त्या मैदानावरची सलग ५७ विजयांची मालिका तुटली. नियमित हंगामातला शेवटचा २७ नोव्हेंबरचा, तुमच्याच बर्मिंगहॅममधल्या लिजन फील्डवर ऑबर्नविरुद्ध. तिथे २२-२३ अशी एका गुणानं हार. आणि खरा अखेरचा २९ डिसेंबरचा, मेम्फिसमधला लिबर्टी बोल. इलिनॉयविरुद्ध २१-१५ असा विजय, कारकिर्दीतला ३२३ वा. अलाबामा त्या काळी 'घरचे' सामने टस्कलूसा आणि बर्मिंगहॅम अशा दोन्ही ठिकाणी खेळायचा, त्यामुळे घोळ ठरलेलाच. 'शेवटचा सामना' असं न विचारता 'कुठल्या गावात, कोणाविरुद्ध, जिंकलो का हरलो' असं विचारा. मेम्फिसला गेलेल्यालाच जिंकल्याचं आठवेल.

तारखांतही एक सापळा आहे. निवृत्तीची घोषणा १५ डिसेंबर १९८२ ला, लिबर्टी बोल २९ डिसेंबरला, ब्रायंट यांचं निधन २६ जानेवारी १९८३ ला. तिन्ही दिवस बुधवार! 'बुधवार होता, मी दुकानात होतो' एवढ्यावरून काहीच ठरत नाही. पुष्कळांच्या मनात घोषणा आणि निधन यांची गाठ बसून 'निवृत्त झाले आणि महिन्याभरात गेले' असं वाक्य तयार झालेलं असतं. घोषणेपासून सहा आठवडे, शेवटच्या सामन्यापासून चार. सांगणाऱ्याला मध्येच तोडून हे दुरुस्त करू नका. त्याचं तसंच टेपवर राहू द्या आणि खरी तारीख मजकुराच्या कडेला स्वतंत्र लिहा. चुकलेली आठवणसुद्धा पुढे अभ्यासणाऱ्याच्या उपयोगाची असते.

ठाम सांगतो म्हणजे बरोबरच सांगतो, असं धरू नका. १९८६ मध्ये चॅलेंजर यान कोसळलं तेव्हा एमरी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या सकाळी 'बातमी कुठे, कशी कळली' हे लिहायला लावलं आणि अडीच वर्षांनी पुन्हा तेच विचारलं. अनेकांची उत्तरं पार बदलली होती, आत्मविश्वास मात्र शाबूत. कोच गेल्याची बातमी याच जातीची आठवण.

म्हणून प्रश्न बारीक ठेवा. 'वाईट वाटलं का?' याला 'हो' एवढंच उत्तर येतं. 'बातमी कळली तेव्हा हातात काय होतं? कोणी सांगितली? खोलीत दुसरं कोण होतं? त्या रात्री जेवायला काय होतं?' असं विचारलं की माणूस त्या खोलीत परत जातो. एक बैठक ६० ते ९० मिनिटांची पुरे, पुढे माणूस थकतो आणि पाठ झालेलं बोलायला लागतो. फोनवर रेकॉर्ड करायचं तर विमान मोडवर टाका, सांगणाऱ्यापासून हातभर अंतरावर रुमालाच्या घडीवर ठेवा (टेबलावर थेट ठेवलात तर कपाची प्रत्येक टकटक टेपवर येते), फ्रिज आणि पंखा असलेली खोली टाळा आणि ॲप परवानगी देत असेल तर वेव्ह फाइल घ्या. सुरुवातीला नाव, तारीख, ठिकाण बोलून घ्या. लेखी संमती त्याच दिवशी घ्या. नंतर घेऊ म्हणालात की ती राहतेच.

तपासणीची एक खास खूण. ब्रायंट यांची काळी-पांढरी हाउंडस्टुथ चौकड्यांची टोपी सगळ्यांना आठवते. पण छताखाली टोपी घालायची नाही ही आईची शिकवण म्हणून ते बंदिस्त स्टेडियममध्ये ती घालत नसत. न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममधल्या सामन्यात 'टोपी घालून उभे होते' असं कोणी सांगितलं, तर डोळ्यांसमोर सामना नाही, नंतर पाहिलेला फोटो उभा राहिलाय असं समजा.

सासऱ्यांच्या खोक्यात जुनी तिकिटं, वर्तमानपत्रं आणि सामन्यांच्या व्हीएचएस कॅसेट निघाल्या. लॅमिनेट करून ठेवू का? — ह्यूस्टन

लॅमिनेट अजिबात नको. उष्णतेनं आणि डिंकानं कागद कायमचा अडकतो, परत सुटत नाही. सेलोटेपही नको, ती काही वर्षांत पिवळी पडून शाई ओढते.

वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन असतं, त्यामुळे उजेडात तो पिवळा आणि ठिसूळ होतो. घडी उलगडा, आम्लरहित फोल्डरमध्ये सपाट ठेवा आणि घरातल्या मधल्या खोलीच्या कपाटात ठेवा. माळा आणि गॅरेज दोन्ही वाईट. तिकिटांसाठी पॉलिएस्टरचे पारदर्शक पाऊच घ्या. बाजारातले मऊ, वास येणारे पीव्हीसी अल्बम घेऊ नका, त्यांतून सुटणारी रसायनं छपाई चिकटवून टाकतात. उष्णतेवर छापलेली चकचकीत तिकिटं आधी स्कॅन करा, कारण ती आपोआप फिकी पडत जातात. तिकीट ६०० डीपीआयला, दोन्ही बाजूंनी. मागच्या बाजूला पेनानं स्कोअर लिहिलेला असतो आणि कित्येकदा छापलेल्या मजकुराहून तोच मोलाचा असतो.

कॅसेटचं मात्र घाईचं आहे. आधी कडेची छोटी प्लॅस्टिकची टिकली मोडा, म्हणजे चुकून त्यावर दुसरं रेकॉर्ड होणार नाही. खिडकीतून पाहा, फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट प्लेअरमध्ये घातली की बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. ती व्यावसायिकाकडे द्या. बाकीच्या एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवून मग चालवा.

पट्टे येतील आणि चित्र थरथरेल. कारण असं की टी-१२० कॅसेट नेहमीच्या वेगात दोन तासच चालते आणि सामन्याचं प्रक्षेपण तीन तासांच्या पुढे जातं. लोक मग सहा तासांच्या मंद वेगात रेकॉर्ड करायचे. त्यात फितीवरची रेघ इतकी बारीक होते की दुसऱ्या प्लेअरचं हेड ती नीट पकडत नाही. सासऱ्यांचा जुना व्हीसीआर भंगारात गेला नसेल तर तोच वापरा, ज्यानं लिहिलं त्यालाच ते वाचता येतं. फाइल झाली की तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या घरी. आणि जाहिराती कापू नका! सामन्याचं चित्रण दुसरीकडेही मिळेल, त्या दिवशीच्या स्थानिक बातम्यांची पट्टी मिळणार नाही.

करार असताना कोच मध्येच कसा जातो? आणि भरपाई कोण देतं? मी वकील आहे, आकड्यांसकट सांगा. — नाशिक

करारातच बाहेर पडायची किंमत लिहिलेली असते, तिला 'बायआउट' म्हणतात. आपल्या करार कायद्याच्या कलम ७४ खाली रक्कम लिहिलेली असली तरी न्यायालय त्या मर्यादेत वाजवी भरपाई ठरवतं. अमेरिकेत रक्कम नुकसानीचा वाजवी अंदाज असेल तर ती तशीच वसूल होते, दंड ठरली तर नाही. भांडण होतं ते इथेच.

वकिलानं पाहावं असं प्रकरण वेस्ट व्हर्जिनियाचं. तिथले कोच रिच रॉड्रिगेझ त्याच राज्यातल्या ग्रँट टाउनचे, त्याच विद्यापीठातून खेळलेले. १ डिसेंबर २००७ ला घरच्या मॉर्गनटाउनमध्ये पिट्सबर्गला हरवलं असतं तर संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यात गेला असता. पिट्सबर्ग इतकं दुबळं की चार टचडाउनच्या, म्हणजे साधारण २८ गुणांच्या फरकानं जिंकू असा हिशोब होता. निकाल ९-१३. आक्रमण चालवणारा खेळाडू (क्वार्टरबॅक) पॅट व्हाइट याचा अंगठा निखळला आणि धावण्यावर उभं असलेलं सगळं आक्रमणच बसलं. त्याच महिन्यात रॉड्रिगेझ मिशिगनला गेले. बायआउट ४० लाख डॉलर. त्यांनी देणं नाकारलं, विद्यापीठ कोर्टात गेलं आणि जुलै २००८ मध्ये तडजोड झाली. पूर्ण ४० लाख वसूल, त्यातले २५ लाख मिशिगननं आणि १५ लाख रॉड्रिगेझनी द्यायचे. नवं विद्यापीठ बराचसा भार उचलतं ही वहिवाट आहे. म्हणूनच बायआउटची रक्कम वाढवून कोच थांबत नाही. नवा यजमान श्रीमंत असला की तिचा धाक संपतो.

उलट बाजू अधिक महागाची. कोचला काढलं तर विद्यापीठ देणं लागतं. २०२३ मध्ये टेक्सास ए अँड एमनं जिंबो फिशरना काढलं तेव्हा देणं ७.६ कोटी डॉलरच्या पुढे गेलं. करारात एक वाक्य नव्हतं : दुसरी नोकरी मिळाली तर तिथला पगार यातून वजा होईल. मसुदा तपासताना पहिलं बोट या ओळीवर ठेवा.

मॉर्गनटाउनचं पुढे काय झालं? यजमानच निघून गेलेल्या त्या घरात सहायक बिल स्ट्युअर्टनी कार्य निभावून नेलं. २ जानेवारी २००८ ला फिएस्टा बोलमध्ये ओक्लाहोमावर ४८-२८. दुसऱ्याच दिवशी त्यांना कायम केलं. मिशिगनमध्ये रॉड्रिगेझना तीन हंगामांत १५ विजय आणि २२ पराभव मिळाले, मग नारळ. आणि डिसेंबर २०२४ मध्ये वेस्ट व्हर्जिनियानं त्यांनाच परत बोलावलं. सतरा वर्षं ज्याच्या नावानं बोटं मोडली, त्याच्यासाठी पुन्हा पायघड्या. तिथल्या फॅन्सच्या आठवणी गोळा करणाऱ्यानं मुलाखत २०२४ च्या आधीची का नंतरची हे नोंदवलंच पाहिजे. माणूस तोच, सूर वेगळा निघतो.

जायचंच तर हंगाम संपवून का जात नाहीत? — डॅलस

कारण नवा कोच ठेवणाऱ्याला थांबून चालत नाही. नियमित हंगाम नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या शनिवारी संपतो, पण मोठे सामने डिसेंबरअखेर आणि जानेवारीत असतात. मधल्या पोकळीत, कुठल्या कॉलेजकडून खेळणार याच्या शाळकरी खेळाडूंच्या सह्या होतात. २०१७ पासून सह्यांचा पहिला हप्ता डिसेंबरात आला आणि २०२४ मध्ये तो महिन्याच्या पहिल्याच बुधवारी सरकला. नव्या कोचनं त्याआधी हजर व्हावं लागतं, नाहीतर वर्षभर घरोघर फिरून जमवलेली पोरं दुसरीकडे सही करतात.

२०२१ चा नोव्हेंबर बघा. शनिवारी ओक्लाहोमा हरला, रविवारी लिंकन रायली सदर्न कॅलिफोर्नियाकडे. दुसऱ्या दिवशी ब्रायन केली नोत्र दाममधून लुइझियाना स्टेटकडे (एलएसयू), आणि तेही संघ ११-१, म्हणजे ११ विजय आणि १ पराभव असा असताना. ओक्लाहोमानं निवृत्त कोच बॉब स्टूप्सना पुन्हा मैदानात उभं केलं आणि अलामो बोलमध्ये ऑरेगनला ४७-३२ हरवलं. २०२५ मध्ये लेन किफिन ३० नोव्हेंबरला ओल मिस (मिसिसिपी विद्यापीठ) सोडून एलएसयूला गेले तेव्हाही संघ ११-१ होता आणि प्लेऑफ, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाची बाद फेरी, तोंडावर होती. प्लेऑफपर्यंत राहू देण्याची त्यांची मागणी विद्यापीठानं फेटाळली. रास्तच, ऐन पंगतीत वाढपी शेजारच्या मांडवात गेल्यावर त्याच्या हाती पुन्हा पळी कोण देईल?

खेळाडूंचंही तेव्हाच सुरू होतं. सेबन गेले तेव्हाच्या नियमानुसार अलाबामाच्या खेळाडूंना दुसरीकडे जायला ३० दिवसांची खिडकी उघडली. कॅडिन प्रॉक्टर हा आडदांड लाइनमन आयोवाला गेला आणि मार्चमध्ये परत अलाबामाला यायचं ठरवून मोकळा झाला. दोन महिन्यांत माहेर-सासर-माहेर.

ऑफिसात किफिनचं नाव काढलं की लोक गप्प होतात. इतकं काय झालं होतं? — नॉक्सव्हिल, टेनेसी

टेनेसीला एकच हंगाम दिला, ७-६, आणि १२ जानेवारी २०१० च्या रात्री सदर्न कॅलिफोर्नियाला जातो म्हणाले. विद्यार्थी रस्त्यावर उतरले, गाद्या जाळल्या. अकरा वर्षांनी, १६ ऑक्टोबर २०२१ ला ते ओल मिसचे कोच म्हणून तुमच्या स्टेडियममध्ये आले तेव्हा गॅलरीतून बाटल्यांचा वर्षाव झाला, त्यात मोहरीच्या सॉसची बाटली आणि एक गोल्फचा चेंडूही. सामना वीसेक मिनिटं थांबला, टेनेसीला अडीच लाख डॉलर दंड झाला. ठिणगी पंचांच्या निर्णयाची होती, पण घरून गोल्फचा चेंडू खिशात घालून आणणारा पंचांसाठी आणत नाही. नाव काढायचंच असेल तर सामना जिंकल्याच्या सोमवारी काढा.

सेबन यांच्या निवृत्तीची तारीख माझ्या डायरीत ११ जानेवारी आहे, मुलगा १० म्हणतो. — सांगली

दोघंही बरोबर. हिवाळ्यात अलाबामाचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे असतं, तिथे दुपारचे ४ वाजतात तेव्हा सांगलीत दुसऱ्या दिवशीची पहाट, साडेतीन. मार्च ते नोव्हेंबर ते घड्याळ तासभर पुढे करतात, तेव्हा फरक साडेदहा. टेनेसीत नॉक्सव्हिलचं घड्याळ आणखी तासानं पुढे, पण त्याच राज्यातलं मेम्फिस अलाबामाच्या वेळेवर चालतं. डायरीतली तारीख खोडू नका, शेजारी 'अमेरिकेत १०' एवढं लिहा.